गायीच्या पोटातलं लोहचुंबक, दीड वर्ष वापरून

आमच्या गोठ्यात सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) गाया आहेत, सगळ्यांना दीड वर्षापूर्वी डॉक्टरांकडून चुंबक देऊन घेतलं त्याचा हा अनुभव. बोटाएवढी गुळगुळीत कांडी असते, जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळते, एका वेळच्या दुधाच्या पैशात येते आणि एकदा दिली की जन्मभर पोटातच राहून गिळलेली तार, खिळे धरून ठेवते.

घ्यायचं कारण आमची चंद्री. गाय चारा निवडून खात नाही, जिभेनं ओढते आणि गिळते, कुट्टीतून (बारीक केलेल्या चाऱ्यातून) बाइंडिंग वायरचा तुकडा गेला तो जाळीदार पोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात, जाऊन रुतला, आत पू झाला आणि व्हेगस नावाची नस त्यात अडकून दुखावली. ही नस मेंदूतून निघून थेट पोटाशी येते. आतड्यांचं बरंचसं काम त्यांच्या स्वतःच्या नसांवर चालतं पण रवंथाच्या पोटाचं तसं नाही, त्याला वरून हुकूम लागतो, आणि नुसता आवळायचा नाही तर सैल सोडायचा पण. ढेकर देताना अन्ननलिकेचं तोंड सैल व्हायला लागतं, चारा पुढच्या पोटात जाताना मधलं दार उघडायला लागतं, ते नाही झालं की सगळा माल मागे तुंबतो.

डॉक्टरांनी माझी मूठ तिच्या डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) दाबून धरायला लावली आणि घड्याळ बघितलं. चांगल्या गायीत दोन मिनिटांत पोट आवळल्याच्या दोन-तीन लाटा येतात, मूठ अक्षरशः उचलली जाते. चंद्रीच्या लाटा भराभर यायच्या पण जोर काहीच नाही, कातडीखाली कुणीतरी थरथरल्यासारखं. मागून बघितलं की डावीकडं वरपर्यंत फुगलेली, उजवीकडं खाली लोंबलेली. तेव्हा चुंबक दिलं पण नसेला झालेली इजा चुंबकानं भरून येत नाही, गाय गेली आमची. आजही मूठ ठेवली की तीच आठवते.

म्हणून सांगतो, कालवड वर्षाची झाली की देऊन टाका, दुखणं यायची वाट बघू नका. चुंबक तार धरून ठेवतं, पोटाच्या पडद्यातून पुढं घुसू देत नाही, एवढंच त्याचं काम आणि ते चोख करतं. दीड वर्षात एकही गाय तारेनं आजारी नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण तांबं, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक याला चिकटत नाही, त्यामुळं गव्हाण झाडून घेणं सुटत नाही. आणि मला मिळालेल्या एका कांडीची कड खरबरीत होती, ती परत केली, तुम्ही पण बोट फिरवून बघूनच घ्या. बाजारातून गाय आणली तर आधी डाव्या कोपराच्या मागं छातीला होकायंत्र लावा, काटा फिरला तर आत चुंबक आहे, दुसरं देऊ नका.