लिंबासाठी सॅलिसिलिक आम्लाची भुकटी: दोन हिवाळ्यांचा अनुभव
कुंडीतल्या लिंबाच्या सहा झाडांपैकी चारांवर मी सलग दोन हिवाळे ही भुकटी पाण्यातून फवारली आणि थंडीपासून बचावासाठी ती उपयुक्त आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. सॅलिसिलिक आम्ल झाडाच्या स्वतःच्या संरक्षणयंत्रणेला जागे करते. त्यामुळे थंडीच्या ताणात पेशींमध्ये साचणाऱ्या ऑक्सिजनच्या घातक, अतिक्रियाशील रूपांचा निचरा करणारी विकरे (एन्झाइम) अधिक सक्रिय होतात आणि पेशीपटलाची हानी कमी होते. म्हणूनच फवारणी थंडीपूर्वी करावी लागते, कारण करपलेले पान फवारणीने पुन्हा हिरवे होत नाही.

पाकिटावर ‘पाण्यात मिसळा’ एवढेच छापले होते, हे मला खटकले. भुकटी गार पाण्यात नीट विरघळत नाही. पहिल्याच वेळी पंपाच्या नोझलमध्ये पांढरे कण अडकले. आता मी लिटरमागे सुमारे 70 मिलिग्रॅम भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओततो. मात्रा वाढवू नये, पाने जळतात.

न फवारलेल्या दोन्ही झाडांची शेंड्याची पाने एका गारठलेल्या पहाटे भिजल्यासारखी पारदर्शक झाली आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडली. फवारलेल्यांची पालवी टिकली. पारा बराच वेळ शून्याखाली राहणार असेल, तर मात्र आच्छादन घालावेच लागते.