सतरंजी की टेकडी? घरून काम करणाऱ्या संसारी माणसासाठी एक तुलना

मार्च २०२० मध्ये ऑफिसचा लॅपटॉप घरी आला आणि हिंजवडीला जाण्यायेण्यात खर्ची पडणारे रोजचे अडीच तास एकाएकी हाती आले, तेव्हा त्यातला निदान एक तास व्यायामाला मिळेल, असे मला अगदी मनापासून वाटले होते. प्रत्यक्षात तो तास मिळायला चार वर्षांहून अधिक काळ जावा लागला. मधल्या काळात मी घरातल्या घरात व्यायाम करून पाहिला, टेकडीवर जाऊन पाहिले आणि काही महिने जिमचे पैसेही भरून पाहिले. माझ्यासारखीच परिस्थिती असलेले दोघे-तिघे सध्या याच विचारात आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव मांडत आहे.

माझी परिस्थिती आधी सांगितलेली बरी, कारण ती वेगळी असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल. पौड फाट्याजवळ टू बीएचके घर आहे. घरात आई, बँकेत नोकरी करणारी पत्नी आणि चौथीत शिकणारा मुलगा आहे. आठवड्यातले चार दिवस मी बेडरूममधल्या टेबलावरून काम करतो आणि माझी अर्धी टीम बॉस्टनला बसते.

जिमचा निकाल लवकर लागला. सकाळी घरातून निघणे अवघड म्हणून मी संध्याकाळची वेळ घेतली होती. परंतु बॉस्टनमधील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळे मागे गेली की तेच साडेसात होतात. म्हणजे मार्चपर्यंत एक वेळापत्रक आणि मार्चनंतर दुसरे. ज्या तासाला मी उन्हाळ्यात मीटिंगमध्ये असे, तोच तास हिवाळ्यात मोकळा होई, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत घड्याळे पुन्हा पुढे जात. ज्यांचे ग्राहक भारतातच आहेत त्यांना ही अडचण येणार नाही, त्यामुळे जिमविरुद्ध माझे अधिक काही म्हणणे नाही. मात्र माझ्यापुरता प्रश्न घरातली सतरंजी आणि घरामागची टेकडी यांच्यापुरताच उरला.

सतरंजीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. बूट घालावे लागत नाहीत, पाऊस आडवा येत नाही, डिसेंबरातला सकाळचा काळोख आडवा येत नाही, आणि वीस मिनिटे असतील तर ती वीसच्या वीस व्यायामालाच मिळतात. चोवीस सूर्यनमस्कारांना मला साधारण बारा मिनिटे लागतात. त्यावर दोन डझन बैठका आणि जमतील तेवढे जोर काढले की अर्ध्या तासात घाम निथळू लागतो आणि खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत काहीही सुटत नाही. टेकडी चढण्याने पाय आणि दम यांचे काम होते. दंड आणि पाठ जवळजवळ जशीच्या तशी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाबरोबरच दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायामही सांगितला आहे. त्या दुसऱ्या अटीच्या बाबतीत सतरंजी निर्विवादपणे सरस आहे. केवळ व्यायामप्रकार समोर ठेवून निवड करायची असती, तर मी आजही घरातच सूर्यनमस्कार घालत असतो.

अडचण व्यायामात नव्हती. ती 'जरा' या शब्दात होती.

मी बेडरूमचे दार लोटून, कानाला हेडफोन लावून टेबलाशी बसलो की घरातले सगळे त्या दाराचा मान राखतात. मुलगादेखील दारापाशी येऊन, हळूच डोकावून परत जातो. मात्र हाच मी हॉलमध्ये सतरंजी अंथरून उभा राहिलो की घराच्या हिशेबी मोकळा असतो. 'जरा दार उघड रे, इस्त्रीवाला असेल.' 'बाबा, जरा हे वहीला कव्हर घालून दे ना.' 'जरा तो वरचा डबा काढून दे, तू उभाच आहेस तर.' यातले एकही काम दोन मिनिटांपेक्षा मोठे नसते आणि एकही नाकारण्यासारखे नसते. त्यामुळे कोणावर चिडावे हेही कळत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई तर सौजन्याने विचारत, 'दादा, लादी पुसायची आहे, सतरंजी उचलता का?' आणि मी ती उचलून, फरशी वाळेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहत असे.

यावर उपाय म्हणून मी वेळ बदलून पाहिली. सकाळी सातऐवजी दुपारी पाऊण वाजता, जेवणाआधी, व्यायाम करू लागलो. मुलगा शाळेत, पत्नी बँकेत, घरात फक्त आई आणि मी. ही वेळ सर्वांत शांत असेल असा माझा अंदाज होता. पहिल्या आठवड्यातल्या एका दुपारी आईने कुकर लावला आणि म्हणाली, 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, मी जरा देवाजवळ बसते.' मी होकार दिला, कारण त्यात न करण्यासारखे काय होते? पण त्या दिवसापासून मला दोन गोष्टी एकदम मोजाव्या लागल्या, एक नमस्कार आणि दुसऱ्या शिट्ट्या. अकरावा नमस्कार चालू असताना दुसरी शिट्टी झाली की तिसरी, याचा मला पत्ता लागेना. आणि गॅस बंद करून परत आलो तेव्हा नमस्कार अकरा झाले होते की चौदा, हेही आठवेना. त्या दिवशी वरणाचा भात आणि भाताचे वरण असे काहीसे पानात पडले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने आठवण करून दिली, 'आज नीट मोज हं.'

सूर्यनमस्कारांचा शाळाशाळांतून प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मला त्या काळात फार आठवत. राजेसाहेबांचे नमस्कार चालू असताना त्यांना कोणी कुकरकडे लक्ष ठेवायला सांगितले नसावे.

गच्चीचा पर्याय सुचवला जातो, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलरची पाइपलाइन आहे, त्यामुळे तिला कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे असते. वॉचमन त्या वेळी नेमका पाण्याची मोटर चालू करायला गेलेला असतो. आपल्या इमारतीत गच्ची मोकळी असेल तर आपण भाग्यवान आहात. मग पुढचे वाचले नाही तरी चालेल.

आता टेकडीकडे वळतो. पुण्यात ही सोय जवळजवळ प्रत्येकाच्या उंबरठ्यापाशी आहे. सहकारनगरकरांना तळजाई आहे, डेक्कनच्या बाजूला हनुमान टेकडी आहे, पर्वतीच्या पायऱ्या तर पिढ्यान्पिढ्या चढल्या जात आहेत. आमच्याकडे वेताळ टेकडी, जिला या भागातले लोक सवयीने 'एआरएआयची टेकडी' म्हणतात. शहरातला हा सर्वांत उंच भाग आहे. घरापासून पायथा, पायथ्यापासून वेताळाच्या देवळापर्यंत आणि त्याच वाटेने परत, असे मला पंचावन्न मिनिटे लागतात. आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या की एकशे पासष्ट मिनिटे होतात. म्हणजे ती दीडशेची अट शनिवार-रविवारला हात न लावता पुरी होते, आणि हे गणित मला सतरंजीवर एकदाही जमले नव्हते, कारण तिथल्या अर्ध्या तासातली किती मिनिटे खरोखर व्यायामाची होती, हे सांगणे मला आजही अवघड आहे.

टेकडीचे दोषही सांगितले पाहिजेत. पावसाळ्यात उताराची माती निसरडी होते आणि साधे चालायचे बूट तिथे धरून राहत नाहीत. जुलैमध्ये मी एकदा चांगलाच आपटलो आणि आठवडाभर बसूनच होतो. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, त्यामुळे ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, म्हणजे सहा वाजता निघणाऱ्याला पूर्ण काळोख मिळतो, आणि काळोखात आडवाटांवर एकट्याने जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. थंडीत आम्ही अर्धा तास उशिरा निघतो आणि तो अर्धा तास नाश्त्यातून कापला जातो. भटक्या कुत्र्यांबद्दल ज्याचा-त्याचा अनुभव निराळा असतो. माझा वाईट नाही.

हे सगळे दोष मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. टेकडीवर मला कोणी 'जरा' म्हणत नाही. फोन मी घरीच ठेवतो. खाणीपाशी पोहोचलो की मोर ओरडतात, पण त्यांना दार उघडून द्यावे लागत नाही. चढावर दम लागला असताना मध्येच थांबलो, तर तो निर्णय माझा असतो. व्यायामाची गुणवत्ता मोजण्याचे कोणतेही यंत्र माझ्याजवळ नाही. परंतु सतरंजीवरून उठताना मी बहुधा किंचित चिडलेला असे आणि टेकडीवरून उतरताना तसा नसतो, एवढे घरातल्या इतरांनीही सांगितले आहे.

इथे एक अप्रिय हिशेब मांडणे भाग आहे, आणि निवड करणाऱ्याने तो टाळू नये. मी टेकडीवर गेलो म्हणून घरातले 'जरा' संपत नाही. ते फक्त दुसऱ्याकडे जाते. पहिले दोन महिने मी रोज सकाळी सहाला बाहेर पडत होतो आणि स्वतःवर खूश होतो. त्या तासात दूध घेणे, मुलाला उठवणे, डबा करणे आणि बेलला जाणे ही सगळी कामे पत्नीवर पडत होती. माझी तक्रार चार वर्षांची होती. तिची लग्नापासूनची होती, आणि तिच्याकडे तर सतरंजी अंथरण्याइतकाही अवकाश नव्हता. ती एकदाच, अगदी शांतपणे म्हणाली, 'तुला निदान बंद दार तरी आहे.' त्यानंतर आम्ही वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार टेकडी माझी; मंगळवार, गुरुवार, शनिवार तिची. रविवारी मुलगा सोबत असतो, त्यामुळे त्या दिवसाला व्यायाम म्हणता येत नाही. तो वाटेतले दगड गोळा करतो.

ही वाटणी शक्य झाली त्यामागे आमच्या शहाणपणापेक्षा शाळेच्या वेळेचा हात अधिक होता. आधी मुलाची व्हॅन पावणेसातला यायची, त्यामुळे सकाळी सहा ते सात या वेळात दोघांपैकी कोणीही हलू शकत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत अशा सूचना काढल्या, आमच्या शाळेने नव्या वर्षापासून त्या पाळल्या आणि व्हॅन आठ वाजून वीस मिनिटांवर गेली. व्हॅनवाल्या काकांची वाहतूककोंडीबद्दलची कुरकुर रास्त असेलही. आमच्या घरात मात्र त्या बदलाने एक आख्खा तास जन्माला आला. ज्यांची मुले मोठ्या वर्गांत आहेत आणि सकाळच्या सत्रात जातात, त्यांना हा तास मिळणार नाही. त्यांनी मुलाला बसथांब्यावर सोडायला जातानाच बूट घालून निघावे आणि तिथून परस्पर चालायला जावे, असे मला वाटते. एकदा घरात परत शिरल्यावर पुन्हा बाहेर पडणे किती कठीण असते, हे घरून काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पुढच्या जूनमध्ये आमचा मुलगा पाचवीत जाईल, तेव्हा आमच्यावरही हीच वेळ येईल.

मग सतरंजी पूर्णपणे निकालात काढावी का? माझे मत तसे नाही. दंडांसाठी आणि पाठीसाठी ती लागतेच, आणि पावसाळ्यातल्या धुवांधार आठवड्यांत दुसरा इलाज नसतो. मी पत्नीच्या वारी, ती टेकडीवर असताना, बारा नमस्कार आणि थोड्या बैठका बेडरूमचे दार लावून उरकतो. दार लावणे एवढाच बदल आहे. हॉलमध्ये सतरंजी अंथरण्याची चूक मी पुन्हा केलेली नाही. घरात तान्हे मूल असेल, किंवा आजारी माणूस असेल आणि बाहेर पडणे शक्यच नसेल, तर सतरंजीच बरी. मात्र जागा दाराआडची निवडावी आणि घरच्यांना वेळ आधी सांगून ठेवावी. एक खोलीच्या घरात हे जमणार नाही, याची मला कल्पना आहे. तिथे मी फार विचार न करता टेकडी किंवा निदान जवळचे मैदान सुचवेन.

ज्यांना दोन्ही शक्य आहे आणि ज्यांना एकाचीच निवड करायची आहे, त्यांनी एक पंधरवडा हॉलमध्ये आणि एक पंधरवडा बाहेर असे करून पाहावे आणि दर दिवशी किती वेळा मध्येच उठावे लागले, तेवढेच कॅलेंडरवर रेघा ओढून नोंदवावे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी तसे केले होते. पहिल्या पंधरवड्यातल्या रेघा पाहून आईने विचारले होते, की दुधाचा हिशेब एवढा कसा काय वाढला.