मराठी नियतकालिकाचा सर्व्हर कोणत्या देशात ठेवावा : भारत, सिंगापूर, जर्मनी की अमेरिका?

होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ साठवून वाचकांना पुरवणाऱ्या यंत्रावरची (सर्व्हरवरची) भाड्याची जागा, विकत घेताना तो सर्व्हर कोणत्या देशात हवा, हा प्रश्न बहुधा पैसे भरण्याच्या पानावर एका छोट्या यादीच्या रूपात समोर येतो, आणि त्या यादीत आधीपासून जे नाव निवडलेले असते तेच बहुतेक जण कायम ठेवतात. पुढे वर्षानुवर्षे वाचकांना लागणारा वेळ, महिन्याचे बिल आणि एखाद्या तक्रारीचा निकाल कोणत्या कायद्याने लागेल हे सारे त्या एका निवडीवर अवलंबून राहते, म्हणून ती जाणीवपूर्वक केलेली बरी. येथे एक ठरावीक उदाहरण धरले आहे : पुण्यातून किंवा नाशिकमधून निघणारे, दिवाळी अंक काढणारे आणि जुन्या अंकांचा स्कॅन केलेला संग्रह वाचकांसाठी खुला करू पाहणारे मराठी नियतकालिक. त्याचे बहुसंख्य वाचक महाराष्ट्रात आहेत, थोडे पण नियमित वाचक अमेरिकेत, युरोपात आणि आखातात आहेत.

अंतर आणि वेळ

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे दर हजार किलोमीटरसाठी जाऊन-येऊन किमान दहा मिलिसेकंद लागतात आणि कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी हा आकडा कमी होत नाही. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, वाटेत यंत्रेही असतात, म्हणून प्रत्यक्षातली संख्या याहून मोठी असते : मुंबईहून सिंगापूरला एका फेरीस साठ मिलिसेकंदांच्या आसपास, फ्रँकफर्टला साधारण ११० ते १३०, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनियाला १९० ते २२०. पुण्यातील वाचकासाठी मुंबईतला सर्व्हर पाच-दहा मिलिसेकंदांवर असतो.

दोनशे मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पान उघडण्यासाठी एकच फेरी पुरत नाही. बीडमधल्या वाचकाने मोबाइलवर एखाद्या कथेच्या शीर्षकावर बोट ठेवले की आधी जोडणी प्रस्थापित करण्याची एक फेरी होते, मग सुरक्षित संवादाच्या किल्ल्या ठरवण्याची दुसरी, आणि त्यानंतर पानाची मागणी जाऊन पहिली अक्षरे येण्याची तिसरी. सर्व्हर व्हर्जिनियात असेल तर या तीन फेऱ्यांतच सहाशे मिलिसेकंद गेलेले असतात, आणि मोबाइल नेटवर्कची स्वतःची दिरंगाई त्यावर वेगळी. नंतर फॉन्टची फाइल मागवली जाते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा बराच जड असतो, आणि तो वेगळ्या डोमेनवर, म्हणजे वेगळ्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर, ठेवलेला असेल तर जोडणीचा सारा विधी पुन्हा होतो. मुंबईच्या सर्व्हरवर हेच सगळे पापणी लवेपर्यंत पार पडते.

यावर सीडीएनचा, म्हणजे पानांच्या प्रती ठिकठिकाणी साठवणाऱ्या जाळ्याचा, उपाय सांगितला जातो आणि तो खरोखर उपयोगी आहे. क्लाउडफ्लेअर या सीडीएन पुरवणाऱ्या कंपनीचे केंद्र मुंबईबरोबर नागपुरातही आहे, त्यामुळे विदर्भातील वाचकाला लेखाची प्रत जवळच मिळू शकते. मात्र वर्गणीदाराचा लॉगिन, शोध, प्रतिक्रिया, मागणीची नोंदणी यांसारख्या गोष्टी प्रतीतून भागत नाहीत आणि त्यासाठी मूळ सर्व्हरपर्यंत जावेच लागते. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकाने सीडीएन आहे म्हणून मूळ सर्व्हर कुठेही ठेवू नये.

शिवाय सर्व्हर मुंबईत आहे म्हणून वाट मुंबईतच राहील, याचीही खात्री नसते. देशांतर्गत वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी यासाठी २००३ साली निक्सी ही संस्था उभी राहिली आणि आता मुंबईत अशी अदलाबदल करणारी खासगी एक्स्चेंजही आहेत, तरी दोन कंपन्यांमध्ये थेट जोडणी नसेल तर डेटा कधीकधी सिंगापूरला वळसा घालून परत येतो. म्हणून निर्णयापूर्वी जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल अशा तिन्ही जोडण्यांवरून पिंग (फेरीला लागणारा वेळ) आणि ट्रेसराउट (डेटाची वाट) घेऊन पाहावे.

युरोपातला सर्व्हर निवडताना तांबड्या समुद्राचा विचार टाळता येत नाही. भारत आणि युरोप यांच्यातील बरीच वाहतूक तेथून जाणाऱ्या केबलवर अवलंबून आहे. २०२४ च्या सुरुवातीला तेथे काही केबल तुटल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तसेच घडले तेव्हा भारतातील वाहतुकीवरही परिणाम झाला. संकेतस्थळ बंद पडत नाही, पण वाट लांबते आणि दिवाळी अंक ज्या आठवड्यात वाचला जायचा त्याच आठवड्यात असे झाले तर वाचक कारण विचारत बसत नाही.

खर्च

येथे भारत जर्मनीपुढे हरतो. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर प्रति जीबी सुमारे १०.९ सेंट आहे. व्हर्जिनियात आणि फ्रँकफर्टमध्ये तो ९ सेंट, तर सिंगापुरात १२ सेंट. दरमहा पहिले १०० जीबी मोफत असतात. स्कॅन केलेला एक अंक ६० एमबीचा धरला आणि महिन्यात तो १५,००० वेळा उतरवून घेतला गेला, तर ९०० जीबी होतात आणि मुंबईत केवळ वाहतुकीचे बिल ८७ डॉलरच्या घरात जाते. जर्मनीतील हेट्झनर ही कंपनी युरोपातील क्लाउड सर्व्हरबरोबर दरमहा २० टीबी वाहतूक मूळ भाड्यातच देते, म्हणजे हाच संग्रह तेथे वाहतुकीपोटी एक पैसाही जास्त न देता ठेवता येतो. केवळ मजकुराच्या संकेतस्थळाला हा फरक जाणवणार नाही; पीडीएफचे गठ्ठे ठेवणाऱ्याला तो पहिल्याच बिलात जाणवतो.

परकीय चलनात भरायच्या रकमेत कार्डावरचे रूपांतर शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करावी. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तो कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने भरण्याच्या पद्धतीने, तुम्हालाच भरावा लागतो. याहून त्रासदायक बाब नूतनीकरणाची आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापले जाण्यासाठी आधी नोंदवलेली परवानगी लागते, आणि ती व्यवस्था नसलेल्या परदेशी कंपनीचा हप्ता निमूटपणे नाकारला जातो. इशाऱ्याचे ईमेल ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता संपादकांचा असावा, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याचा नव्हे. रुपयांत बिल आणि यूपीआयने भरणा ही भारतीय होस्टिंगची बाजू लहान मंडळींसाठी दरातील फरकाइतकीच महत्त्वाची आहे.

कायदा कोणाचा?

सर्व्हर परदेशात ठेवला की येथील कायद्याच्या कचाट्यातून सुटका होते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. संपादक पुण्यात राहतो, तर बदनामीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली पुण्यातच होईल, यंत्र फ्रँकफर्टमध्ये असो की सिंगापुरात. वाचकांच्या बाजूनेही तेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार, आणि आपापल्या अधिकारात न्यायालये, इंटरनेट कंपन्यांना एखादे संकेतस्थळ रोखायला सांगू शकतात. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था अमेरिकेत आहे, तरी ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती भारतातील अनेक वाचकांसाठी बंद झाली होती. परदेशी सर्व्हरने फार तर इतकेच साधते की यंत्र जप्त करणे किंवा होस्टिंग कंपनीवर थेट दबाव आणणे अवघड होते.

संपादक स्वतः न्यू जर्सीत राहत असेल तर हिशेब बदलतो. तेथे इतरांनी लिहिलेल्या मजकुराबाबत १९९६ च्या कायद्यातील कलम २३० चे संरक्षण आहे, आणि २०१० च्या एका कायद्यानुसार परदेशी न्यायालयाचा बदनामीविषयक निकाल अमेरिकन कसोटीला उतरल्याशिवाय तेथे अमलात येत नाही. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या संकेतस्थळांसाठी, ज्यांचे सभासद आणि कार्यकारिणी दोन्ही तेथेच आहेत, अमेरिकेशिवाय दुसरा पर्याय शोधण्याचे कारण मला दिसत नाही.

देश म्हणजे केवळ यंत्राचा देश नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार अमेरिकन कंपनीला तिच्या ताब्यातील माहिती, ती कोणत्याही देशात साठवलेली असली तरी, तेथील कायदेशीर आदेशावरून द्यावी लागते. म्हणजे ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रावर, किंवा मायक्रोसॉफ्टच्या 'सेंट्रल इंडिया' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुण्यातील केंद्रावर, दोन देशांचा कायदा चालतो. उलट भारतात व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा स्वतंत्र सर्व्हरसारखा वापरता येणारा भाग) पुरवणाऱ्यांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षे जपावी लागते, म्हणून ओळखपत्र मागितले गेल्यास नवल वाटू नये. वर्गणीदारांची नावे-पत्ते परदेशात साठवायला २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची सरसकट बंदी नाही. सरकार अधिसूचनेने ज्या देशांवर निर्बंध घालेल तेवढेच वर्ज्य. आणि केवळ सर्व्हर जर्मनीत आहे म्हणून युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा नियतकालिकाला पूर्णांशाने लागू होत नाही. युरोपातील वाचकांना उद्देशून वर्गणी विकली तर मात्र सर्व्हर नाशिकमध्ये असला तरी हा कायदा लागू होऊ शकतो.

जुने साहित्य आणि स्वामित्वहक्क

ज्यांना जुने मराठी साहित्य खुले करायचे आहे त्यांच्यासाठी देशाची निवड येथे ठरते, आणि होस्टिंग विकणारा कोणीही हे सांगत नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन भारतात १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मुक्त आहे. अमेरिकेत मात्र वेगळे गणित चालते. जी परदेशी पुस्तके १ जानेवारी १९९६ रोजी मायदेशी हक्काधीन होती, त्यांना अमेरिकेने प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण दिले. गुरुजींचे लेखन त्या दिवशी भारतात हक्काधीनच होते. परिणामी १९३५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक पुण्यात कोणीही छापू शकतो, पण अमेरिकन सर्व्हरवर ते २०३० च्या अखेरपर्यंत हक्काधीन राहते. कोणी डीएमसीए या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याखाली नोटीस पाठवली तर तेथील कंपनी आधी फाइल उतरवते आणि भारतीय कायद्याचा युक्तिवाद नंतर, ऐकलाच तर, ऐकते.

जर्मनीत निधनानंतर ७० वर्षांची मुदत असली तरी युरोपीय संघाबाहेरच्या लेखकांच्या बाबतीत मायदेशातील कमी मुदत ग्राह्य धरली जाते, म्हणजे भारतात मुक्त झालेले लेखन तेथेही मुक्तच मानले जाते. स्वस्त वाहतूक आणि हा नियम मिळून जुन्या अंकांच्या जड संग्रहासाठी जर्मनी भारताच्या खालोखाल, आणि पैशांची चणचण असेल तर भारताच्याही आधी, विचारात घ्यावी. अमेरिका या कामासाठी चारही देशांत सर्वांत वाईट. जुन्या नियतकालिकात अनेक लेखक असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी संपते, तेवढी छाननी मात्र कोणत्याही देशात चुकत नाही.

सिंगापूरबद्दल थोडक्यातच पुरे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ साली सुरू होण्यापूर्वी भारतीय संकेतस्थळांसाठी सिंगापूर हा शहाणपणाचा मधला मार्ग होता. आज ते मुंबईहून दूर आणि महागही आहे, शिवाय खोट्या माहितीविरुद्धचा २०१९ चा कायदा तेथील मंत्र्यांना मजकूर दुरुस्त करण्याचे किंवा हटवण्याचे आदेश देऊ देतो. वाचक ऑस्ट्रेलियात आणि आग्नेय आशियात असतील तरच त्याचा विचार करावा.

माझ्या मते वर धरलेल्या नियतकालिकाने चालू अंक, वर्गणी आणि लॉगिन मुंबईत किंवा पुण्यात ठेवावे, स्कॅन केलेला संग्रह वेगळ्या उपडोमेनवर जर्मनीत ठेवावा, आणि अमेरिकेतील वाचकांसाठी सीडीएनवर भागवावे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत जळून गेले तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे सर्वस्व गेले. दोन देशांत मांडणी असली की एकमेकांचा बॅकअप ठेवण्याची सोय आपसूक होते. शोधयंत्रांत वर येण्यासाठी सर्व्हर भारतातच हवा, या विक्रेत्यांच्या दाव्याला फारसे महत्त्व देऊ नये. 'इंडियन होस्टिंग' या नावाखाली विकला जाणारा सर्व्हर खरोखर भारतात आहे का, हे मात्र विकत घेण्याआधी आयपी पत्ता मागून तपासावे.

पहिली खरेदी तीन वर्षांच्या सवलतीला न भुलता महिन्याच्या बोलीवर करावी. डोमेन वेगळ्या कंपनीकडे, स्वतःच्या नावावर असेल तर देश बदलणे हे एका संध्याकाळचे काम आहे : आदल्या दिवशी डीएनएसमधील (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीतील) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याची मुदत, पाच मिनिटांवर आणायचा, नव्या सर्व्हरवर प्रत चढवून तपासायची, मग पत्ता बदलायचा आणि जुना सर्व्हर आठवडाभर तसाच चालू ठेवायचा.