चार जीबीचा लॅपटॉप: डिस्कवरचा स्वॅप ठेवावा की झेडरॅमवर यावं?

लिनक्सवर मेमरी संपून प्रोग्राम मरत असतील, किंवा मरायच्याही आधी सगळा लॅपटॉप गोठून बसत असेल, तर रॅम वाढवणं हा सरळ उपाय. त्यावर वाद नाही. पण माझ्या लॅपटॉपची 4 जीबी रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली आहे आणि रिकामा स्लॉट नाही. तुमचीही तीच गत असेल तर प्रश्न एवढाच उरतो की, मेमरीतलं जे या घडीला लागत नाही ते ठेवायचं कुठे (या जागेला स्वॅप म्हणतात)? हार्ड डिस्कवरच्या स्वॅप फाईलमध्ये, की रॅममध्येच दाबून (कॉम्प्रेस करून), म्हणजे झेडरॅममध्ये?

दोन्हींवर मी बरेच महिने काढलेत, आणि काम दोन्हीकडे तेच होतं: घरातल्या जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करायची, गिंप या चित्र-संपादकात साफ करायची, टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून मजकूर काढून घ्यायचा आणि तो मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. या कामाला मेमरी किती लागते ते फाईलच्या आकारावरून कळत नाही. ए-4 आकाराचं रंगीत पान 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलं की साडेतीन कोटींच्या आसपास पिक्सेल होतात. डिस्कवर त्याची जेपेग काही एमबींची असते, पण उघडली की एकेका पिक्सेलला तीन बाइट धरून 104 एमबी होतात. त्यावर एक लेयर आणि अनडूच्या पाच-सहा पायऱ्या चढल्या की तेच एक पान पाव जीबी सहज खातं. शेजारी ब्राउझर उघडा असतोच.

‘स्वॅपच काढून टाका’ असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. मीही तो करून पाहिला. स्वॅप नसला की प्रोग्रामांचा चालू डेटा बाहेर काढायला कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जागाच राहत नाही. मग तो प्रोग्रामांच्या कोडची पानं (मेमरीचे छोटे तुकडे, कागदाची पानं नव्हेत) टाकून देतो, कारण ती डिस्कवरच्या मूळ फाईलमधून परत वाचता येतात. पण पुढच्याच क्षणी तोच कोड लागतो. म्हणून स्वॅप नसतानाही डिस्कचा दिवा सतत पेटलेला, आणि माऊस जागच्या जागी. थोडी थोडी जागा मिळतेय असं कर्नलला वाटत राहतं, त्यामुळे ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) लवकर पुढे येत नाही. ही वाट मी सोडली.

आता डिस्कवरचा स्वॅप. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे, आणि ते मी मनापासून सांगतो. 8 जीबीची स्वॅप फाईल होती तोवर माझा एकही प्रोग्राम मेमरीअभावी मेला नाही. रात्री टेसरॅक्टला सव्वाशे पानं लावून झोपावं, सकाळी सगळी तयार. हायबरनेट (मेमरी डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करणं) करायचं असेल तर डिस्कवर स्वॅप लागतोच; झेडरॅम रॅममध्येच असतो, वीज गेली की तोही गेला. एकदा लावून देऊन विसरून जायचं असेल तर हा पर्याय वाईट नाही.

मला तो सोडावा लागला तो कीबोर्डपायी.

गिंपमध्ये तासभर पानं साफ करताना मराठी टायपिंगची गरज पडत नाही. कर्नल बघतो की आयबसची (मराठी टायपिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) आणि त्याच्या मराठी लेआउटची पानं कोणी बराच वेळ हात न लावलेली आहेत, आणि ती डिस्कवर पाठवून देतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे. मग मी मजकूर ताडायला बसतो, मराठी लेआउट घेतो, शब्द टाइप करतो, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. डिस्कचा दिवा लागतो. चार-पाच सेकंद जातात, मग सगळी अक्षरं एकदम कोसळतात, कधी पहिली दोन-तीन रोमनमध्ये. परत मागे जा, खोडा, पुन्हा लिहा. तेवढ्यात मूळ पानावरची ओळ नजरेतून सुटलेली असते. ताडणीच्या कामात ओळ सुटणं म्हणजे चूक राहणं. मी दुरुस्त केलेल्या पानांत नंतर ज्या गाळलेल्या ओळी सापडल्या, त्यांतल्या बऱ्याच अशा थांब्यांवरच्या असाव्यात असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण दिवसातून वीस-वीस वेळा हे सोसलेल्या माणसाला ते कळतं.

चार-पाच सेकंद का, त्याचा हिशोबही मी मांडून पाहिला. मेमरीचं एक पान 4 केबीचं. माझी डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हेड सरकून योग्य जागा खाली यायला साधारण 15 मिलिसेकंद धरा. विखुरलेली तीनशे पानं आणायची तर साडेचार सेकंद झाले, आणि हाती आला जेमतेम सव्वा एमबी. कर्नल शेजारची मिळून आठ पानं एकदम उचलतो खरा, पण शेजारी गिंपची पानं बसलेली असली तर आयबसला त्यांचा काय उपयोग?

झेडरॅममध्ये हाच प्रवास रॅममधल्या रॅममध्ये होतो. पान दाबून ठेवायचं, लागलं की उलगडायचं. मामला मायक्रोसेकंदांचा. हे काही नवं प्रकरण नाही. 2014 च्या 3.14 कर्नलपासून ते मुख्य प्रवाहात आहे, आणि फेडोरा या लिनक्स वितरणाने (डिस्ट्रोने) ऑक्टोबर 2020 च्या 33 व्या आवृत्तीपासून तेच मुळात चालू ठेवलं. माझ्याकडे झेडरॅमचा आकार रॅमइतकाच, 4 जीबी आहे. हा आकार न दाबलेल्या डेटाचा असतो आणि भरेल तसतशीच खरी रॅम खर्च होते, त्यामुळे आकडा बघून बिचकू नका. दाबण्याची पद्धत झेडस्टँडर्ड. लावल्याच्या पहिल्या दुपारी गिंपमधून थेट मराठीत लिहायला गेलो आणि पहिला शब्द बोटाबरोबर उमटला. मी मुद्दाम पुन्हा गिंपमध्ये जाऊन अर्धा तास काम करून परत आलो. तरीही तसंच.

एक सेटिंग मात्र बदला: स्वॅपीनेस, म्हणजे कर्नलने स्वॅपकडे किती झुकावं तो आकडा. ‘स्वॅपीनेस 10 ठेवा’ हा सल्ला फिरणाऱ्या डिस्कसाठी होता. झेडरॅमला तो उलटा लागू होतो, कारण इथे स्वॅप स्वस्त आहे आणि डिस्कवरून कोड परत वाचणं महाग. 5.8 कर्नलपासून हा आकडा 200 पर्यंत नेता येतो. मी 180 वर ठेवलाय. शेजारची पानं एकदम उचलणंही बंद केलंय, म्हणजे पेज-क्लस्टर शून्य. आणि तुमच्या वितरणात झेडस्वॅप (डिस्कवरच्या स्वॅपच्या आधी पानं रॅममध्ये दाबून ठेवणारी सोय) आधीच चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर पानं झेडरॅमपर्यंत पोचायच्या आत तोच अडवतो.

झेडरॅमची उणी बाजूही आहे, आणि माझ्यासारखं काम असणाऱ्याला ती लवकर भेटते. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस असताना झेडरॅमसीटीएल (झेडरॅमची स्थिती दाखवणारी कमांड) मला 1.6 जीबी डेटा 500 एमबीच्या आत बसलेला दाखवतो. जुन्या कागदाची सहा-सात स्कॅन उघडली की हे गणित बिघडतं. पिवळ्या पडलेल्या कागदाचा खरखरीत पोत फारसा दाबला जात नाही, दीडपटीच्या थोडं वर जाऊन थांबतो. अशा वेळी गिंप दोनदा बंद पडला. कर्नलच्या नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ ही ओळ आणि पुढे त्याचं नाव. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांचं काम गेलं, त्याचं वाईट वाटलं.

त्यानंतर मी अर्लीओओएम बसवला. उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप, दोन्ही 10 टक्क्यांच्या खाली गेले की तो सगळ्यात जास्त ओओएम स्कोअर (आधी कोणाला मारावं ते ठरवणारा कर्नलचा आकडा) असलेल्या प्रोसेसला थांबायला सांगतो, आणि 5 टक्क्यांखाली सरळ मारतो. क्रोमसारखे ब्राउझर आपल्या टॅबच्या प्रोसेसचा स्कोअर मुद्दामच चढा ठेवतात, त्यामुळे बहुतेक वेळा एखादा टॅब जातो आणि गिंप वाचतो. टॅब पुन्हा उघडता येतो. आयबस आणि डेस्कटॉप मी टाळायच्या यादीत घातलेत.

तुमच्याकडे एसएसडी असेल तर माझा कीबोर्डचा त्रास तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. तिथे झेडस्वॅप आणि मागे स्वॅप फाईल ही जोडी मला अधिक शहाणपणाची वाटते: जे फारच थंड पडलंय ते डिस्कवर जातं आणि हायबरनेटही शाबूत राहतं. रात्रभर राबणारं, पण समोर कोणी बसत नाही असं मशीन असेल तर फिरणाऱ्या डिस्कवरचा मोठा स्वॅपही चालेल. थांबायला कोणी नसतं. पण फिरणारी डिस्क, 4 जीबी रॅम आणि दिवसभर देवनागरीत टायपिंग, असा मेळ असेल तर आधी झेडरॅम लावून एक आठवडा काढून बघा, एवढं मी सांगेन.

माझ्याकडे 2 जीबीची स्वॅप फाईल अजून आहे, झेडरॅमपेक्षा कमी प्राधान्याची. रात्रीच्या टेसरॅक्टला ती कधीतरी लागते. आणि 600 डीपीआयची पानं आता मी एका वेळी तीनच उघडतो.