छोटे संच विकले गेले : उणे ३१

महिनाअखेरीला विक्रीचा अहवाल उघडला, तर छोट्या संचासमोर आकडा होता −३१. म्हणजे त्या महिन्यात माझे छोटे संच उणे एकतीस विकले गेले होते. कोणी परत केले म्हणावं, तर डाउनलोड केलेल्या फाइली परत करायची सोयच मी ठेवलेली नाही. आधी हसू आलं. मग एकेक ऑर्डर उघडत गेले आणि हसू मावळलं.

मी आयकॉन आणि नकाशांवरची चिन्हं काढते आणि त्यांचे दोन संच स्वतःच्या साइटवरून विकते. मोठ्या संचाची किंमत छोट्याच्या पाचपट. जितक्या कॉम्प्युटरवर वापरायचं तितकी लायसन्स घ्यायची, म्हणून कार्टमध्ये 'नग' असा रकाना आहे. साइट एका डेव्हलपरकडून करून घेतली होती. नाव लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही आणि असे डेव्हलपर काही एकटेदुकटे नाहीत.

काम ताब्यात देताना त्याने स्क्रीन शेअर करून फॉर्म दाखवला होता. ईमेलच्या रकान्यात नुसतं काहीतरी बडवलं, खाली लाल अक्षरं. नग रिकामा ठेवला, लाल. शून्य टाकलं, लाल. उणे एक टाकलं, तर लाल अक्षरं आलीच, शिवाय 'ऑर्डर द्या' हे बटणही फिकं पडलं. "बघा मॅडम, चुकीचं काही आत जाऊच शकत नाही." बिलात त्याची स्वतंत्र ओळ होती : 'इनपुट व्हॅलिडेशन, सर्व फॉर्म, पूर्ण.' म्हणजे फॉर्ममध्ये भरलेल्या माहितीची तपासणी. ती लाल अक्षरं डोळ्यांसमोर होतीच. मी पैसे चुकते केले.

आता ती ऑर्डर बघा. मोठा संच, नग ३. छोटा संच, नग −१४. छोट्याची किंमत एक धरली, तर मोठे तीन म्हणजे पंधरा, त्यातून चौदा वजा, उरला एक. त्या माणसाने एका छोट्या संचाच्या पैशांत मोठ्याची तीन लायसन्स नेली. वर छोटा संचही नेला, कारण डाउनलोडची लिंक देणारा कोड ऑर्डरमध्ये त्या वस्तूची ओळ आहे का, एवढंच बघत होता. ओळ होती. उणे का असेना, होती. अशा चार ऑर्डरी सापडल्या. चार वेगळे ईमेल, आकडे मात्र तेच. छप्पन्न उणे, पंचवीस खरे, बेरीज उणे एकतीस. अहवालाने हिशेब चोख केला होता.

डेव्हलपरला फोन केला. "मॅडम, हा नवीन टाइपचा अटॅक दिसतोय. सर्व्हर हॅक झालाय. सिक्युरिटीचं काम वेगळं असतं, त्याचं कोटेशन पाठवतो." मी घाबरून हो म्हणायच्या बेतात होते. त्याआधी एका मैत्रिणीला विचारलं. ती बॅकएंडवर, म्हणजे साइटच्या सर्व्हरकडच्या बाजूवर काम करते. तिने माझ्याच खुर्चीत बसून माझीच साइट उघडली, एफ१२ दाबलं, नगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. बाजूला त्या रकान्याचा एचटीएमएल मजकूर, म्हणजे पान ज्यातून बनतं तो कोड, दिसायला लागला. त्यात 'मिन' (किमान) म्हणून एक शब्द होता आणि पुढे १. तिने तो शब्द खोडला, बटण बंद ठेवणारा 'डिसेबल्ड' हा शब्दही खोडला, रकान्यात −१४ लिहिलं. लाल अक्षरं नाहीत. बटण निळंशार. मला वाटतं, सगळ्याला अर्धा मिनिटही लागला नसेल.

"हॅक कसला," ती म्हणाली, "तुझ्या दाराला कडी आहे, पण बाहेरून. आणि ती येणाऱ्याच्या हातात आहे."

मला तेव्हा कळलं ते असं. फॉर्म आपण लिहिलेला असला, तरी तो चालतो समोरच्याच्या ब्राउझरमध्ये. 'रिक्वायर्ड' (भरलंच पाहिजे), 'मिन', 'मॅक्स' (कमाल), 'पॅटर्न' (ठरलेला नमुना) हे सगळे नियम ब्राउझर पाळतो, कारण तो सभ्य आहे. ब्राउझर वापरलाच पाहिजे, असंही नाही. कर्लसारख्या प्रोग्रामने कोणीही थेट सर्व्हरला विनंती पाठवू शकतं. तिथे फॉर्मही नाही आणि लाल अक्षरंही नाहीत. सर्व्हरपर्यंत शेवटी पोहोचतो तो नुसता मजकूर : अमुक वस्तू, नग इतके. तो बघून जर सर्व्हरने 'उणे चौदा? चालायला लाग' असं म्हटलं नाही, तर तपासणी झालेलीच नाही. ब्राउझरमधली तपासणी ही प्रामाणिक माणसाची सोय आहे, त्याची टायपिंगची चूक पटकन कळावी म्हणून. ती असावीच. पण तिला सुरक्षा म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि माझ्या मते त्या चार ऑर्डरींपेक्षा मोठी.

'नवीन टाइपचा अटॅक' हेही धादांत खोटं. फेब्रुवारी २००० मध्ये इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीने तब्बल ११ शॉपिंग कार्ट सॉफ्टवेअरमध्ये फॉर्ममधली किंमत बदलून खरेदी करता येते, असा इशारा दिला होता. सॉफ्टवेअरमधल्या कमजोऱ्यांची सीडब्ल्यूई नावाची जी सर्वमान्य यादी आहे, तिच्यात सर्व्हरची तपासणी ब्राउझरवर सोडण्याच्या या दुखण्याला स्वतःचा क्रमांक आहे, ६०२. ज्या चुकीला क्रमांक मिळालेला आहे, ती नवीन कशी?

किंमतीचा विषय निघाला म्हणून मैत्रिणीने तेही बघितलं. फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना होता, 'हिडन' प्रकारचा. त्यात संचाची किंमत. सर्व्हर ती तिथूनच उचलून नगाने गुणत होता. म्हणजे त्या चार ऑर्डरी करणाऱ्याने उणे चौदाची आकडेमोड उगाच केली. थेट किंमतच खोडून हवी ती लिहिता आली असती. लपलेला म्हणजे फक्त पडद्यावर न दिसणारा, याची मला तोवर कल्पना नव्हती.

माझी चूक अशी की, एवढं बघूनही दुरुस्ती मी त्याच डेव्हलपरकडे सोपवली. काम त्याचं, जबाबदारी त्याची, असं मनात होतं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला : झालं, आता सर्व्हरवरही चेक टाकलाय. टाकला होता, खरंच. नग शून्याहून मोठा हवा, इतकाच. पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली : मोठा संच, नग ०.२. पाचपट किमतीचा पाचवा हिस्सा, म्हणजे परत एका छोट्या संचाचे पैसे. आणि फाइल काही एक पंचमांश डाउनलोड होत नाही, सगळीच होते. ०.२ शून्याहून मोठा आहे, त्यामुळे नियम मोडला असंही म्हणता येईना. 'उणे नको' आणि 'एक ते पाचशेमधली पूर्ण संख्याच हवी' या दोन वाक्यांत काय फरक आहे, ते तेव्हा उमगलं. काय नको याची यादी कधी संपत नाही. काय हवं ते मात्र एका ओळीत सांगता येतं.

त्याच झपाट्यात त्याने नावाच्या रकान्यालाही सुरक्षा बसवली. आता 'फक्त अक्षरं' चालणार होती. दुसऱ्या दिवशी ग्राहकांचे मेल सुरू झाले : नाव चुकीचं आहे असं का येतंय? मी स्वतः करून बघितलं. 'कमल' चाललं. 'गगन' चाललं. 'किरण' अडलं, 'सुनीता' अडलं. अर्धा तास डोकं खाजवलं, मग मैत्रिणीने उलगडा केला. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांची जी यादी आहे तिच्या, हिशेबात क हे अक्षर आहे, पण वेलांटी, उकार, काना ही अक्षरं नव्हेत, ती 'मार्क' या वेगळ्या वर्गात बसतात. नियमात फक्त अक्षरांचा वर्ग घातला होता, मार्कचा नाही. म्हणून बिनकान्यामात्र्याची माणसं आत आणि बाकीची बाहेर. ओ'ब्रायनही बाहेर, कारण त्या एकेरी अवतरणचिन्हाने डेटाबेस उघडा पडतो, असं डेव्हलपरचं म्हणणं. ती भीती खरी आहे, रकान्यात लिहिलेला मजकूर डेटाबेस हुकूम समजून चालवतो, एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात त्याला. पण त्यावरचा उपाय लोकांची नावं कापणं हा नाही. डेटाबेसला हुकूम वेगळा आणि माहिती वेगळी द्यायची, ज्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात, हा तो उपाय. मग नावात चिन्ह कुठलंही असो. चोर आत आणि सुनीता बाहेर, असा तो आठवडा गेला.

तिथे मी त्याला थांबवलं आणि मैत्रिणीकडे काम दिलं. तिला अजून एक गंमत सापडली. डेटाबेसच्या टेबलावर 'नग एकपेक्षा कमी नको' असा 'चेक' खरोखरच लिहिलेला होता! मग −१४ आत शिरला कसा? होस्टिंगवर मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ८.०.१६ या आवृत्तीच्या आधी मायएसक्यूएल असा चेक वाचून घ्यायचं, तक्रार करायचं नाही आणि पाळायचंही नाही. डेव्हलपरने तो लिहिला, पण एकदाही उणे आकडा घालून बघितला नाही. याबाबतीत त्याची थोडी कीव येते. इथे तोही फसला होता.

आता किंमत ब्राउझरकडून येतच नाही. ब्राउझर फक्त संचाचा क्रमांक आणि नग पाठवतो, किंमत सर्व्हर स्वतःच्या टेबलातून घेतो. पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडे, मी तक्रार केली होती, तेव्हा त्यांचं उत्तर होतं की आमचा व्यवहार बिनचूक आहे, जितकी रक्कम मागितली तितकी भरली गेली. मी चिडले होते, पण बरोबरच आहे ते. गेटवेची सही एवढंच सांगते की इतके पैसे आले. इतकेच यायला हवे होते का, हे त्याला कुठून माहीत असणार?

गेलेले पैसे मिळाले नाहीत. त्या पाचही ऑर्डरींची लायसन्स रद्द केल्याचे मेल पाठवले. एकाचं उत्तर आलं : 'तुमच्याच साइटने ऑर्डर घेतली ना?' यावर काय बोलणार.

साइट करून घेणाऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते, मी आता काम कसं ताब्यात घेते. लाल अक्षरं दाखवू नका म्हणते. ब्राउझरच्या सगळ्या तपासण्या माझ्यासमोर काढून टाका आणि मग फॉर्म पाठवा. नगात −१, ०, ०.५, रिकामं, आणि '१ई३' (रोमन लिपीत, 1e3) असं पाठवा. हे शेवटचं विचित्र दिसतं, पण जावास्क्रिप्ट ही साइटची भाषा आकड्यात रूपांतर करताना ते मुकाट हजार म्हणून वाचते. '५अबक' (5abc) पाठवा. जावास्क्रिप्टचं पार्सइंट, म्हणजे मजकुरातून पूर्ण संख्या काढणारी सोय, त्यातले ५ उचलून शेपूट सोडून देतं, त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणून खूश व्हायचं नाही. मग डेटाबेस उघडून नेमकं काय साठलं ते मला दाखवा. आणि किरण, सुनीता, ओ'ब्रायन या तिघांची ऑर्डर विनातक्रार जाऊ द्या. ज्याने हे काम खरंच केलेलं असतं, तो यावर वैतागत नाही, उलट खुलतो. परवा एकाने सांगितलं की एवढी टेस्टिंग कोटेशनमध्ये बसत नाही. त्याला काम दिलं नाही.

पहिल्या डेव्हलपरच्या साइटवर 'आमची कामं' या पानावर माझ्या जुन्या फॉर्मचा स्क्रीनशॉट अजून आहे. नगात −१, खाली लाल अक्षरं, बटण फिकं. काढून टाका म्हणून दोनदा कळवलं, उत्तर नाही.