‘स्लिम’चा माग: दोन डच शब्दकोश

‘स्लिम’ हे डच विशेषण मुळात ‘तिरपे, वाकडे’ या अर्थाचे; पुढे ते ‘वाईट’, मग ‘लबाड’ आणि आज चक्क ‘हुशार’ झाले. जर्मनमधले त्याचे भावंड ‘श्लिम’ मात्र वाईटच राहिले. हा प्रवास व्हान दालेच्या कोशात शोधावा की ‘वोर्डनबुक देर नेडरलांडशे ताल’ या ऐतिहासिक महाकोशात, अशा संभ्रमात असलेल्याने आधी खर्च पाहावा: पहिल्याच्या संपूर्ण आवृत्तीला पैसे पडतात, दुसरा आंतरजालावर विनामूल्य आहे. खोलीबाबत तर बरोबरीच नाही. १८६४ ते १९९८ या काळात खंडशः प्रसिद्ध झालेला हा महाकोश १५०० सालापासूनच्या लेखनातील अवतरणांसह अर्थ उलगडतो, मात्र त्याचे जुने शुद्धलेखन नवख्याची परीक्षा पाहते आणि ताजी भाषा त्यात सापडत नाही. आजचे डच वाचणाऱ्याने व्हान दाले घ्यावा. अर्थांतराचा इतिहास हवा असणाऱ्याने महाकोशच उघडावा.