युरेनिल संयुगांसाठी ७८५ नॅनोमीटरचा पोर्टेबल रामन: घ्यावा का?

रामन यंत्र नमुन्यावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशातून रेणूंची कंपनं ओळखतं. युरेनिलवर, म्हणजे एक युरेनियम आणि दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन असलेल्या आयनावर, काम असेल तर ५३२ऐवजी ७८५ नॅनोमीटरचाच लेसर घ्या. युरेनिल नायट्रेटच्या हिरव्या चमकेची (प्रतिदीप्तीची) शिखरं साधारण ४८८, ५१०, ५३३ आणि ५५८ नॅनोमीटरला येतात. ५३२च्या लेसरवर युरेनिलची ८७० प्रति सेंमीची (रामन रेषांची जागा याच एककात मोजतात) रामन रेषा पडते बरोबर ५५८ला! बेसलाइन (वर्णपटाची तळरेषा) उचलली जाते आणि हवी तीच रेषा तिच्यात बुडते. ७८५वर ती ८४२ नॅनोमीटरला, चमकेपासून लांब मिळते. साध्या सीसीडी प्रकाश-संवेदकालाही छान दिसते. मात्र लांब तरंगलांबीमुळे विकिरण जवळपास पाचपटीने घटतं, म्हणून एक्स्पोजर वाढवावं लागतं.

वर्णपट वाचायला सोपा आहे. पाण्यातल्या मोकळ्या युरेनिलची सममित ताण रेषा (दोन्ही यू-ओ, म्हणजे युरेनियम-ऑक्सिजन, बंध एकाच वेळी ताणले जातात ते कंपन) ८७०च्या आसपास, तीन कार्बोनेट जोडले की ८१२ला. विषुववृत्तीय लिगंड (युरेनियमला कडेने, दोन ऑक्सिजनच्या रेषेला काटकोनात जोडलेला गट) जितका जास्त इलेक्ट्रॉन देणारा, तितका अक्षीय (ऑक्सिजनच्या रेषेतला) यू-ओ बंध सैल. रेषेच्या जागेवरून बंधाची लांबी काढणाऱ्या बार्टलेट-कूनी सूत्राने ८७०वरून बंधाची लांबी सुमारे १७४ पिकोमीटर निघते, ८१२वरून १८०. त्यामुळे दोन-तीन प्रति सेंमीची चूकही महागात पडते. रोज सिलिकॉनच्या ५२०.५ रेषेवर कॅलिब्रेशन तपासाच.

खरेदीपूर्वी लेसरचा प्रकाश अडवणाऱ्या फिल्टरची खालची मर्यादा विचारा. बरीच हातातली यंत्रं २०० ते २५० प्रति सेंमीच्या खाली आंधळी असतात, आणि युरेनिलची वाकण्याची रेषा नेमकी त्याच पट्ट्यात असते. विभेदन (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) ८-१० प्रति सेंमी असेल तर नमुन्यातल्या जवळजवळच्या रेषांच्या दोन प्रावस्था (वेगवेगळी घन रूपं) एकच रुंद शिखर होऊन येतात.

नमुना बंद कुपीतच मोजा. युरेनियम अल्फा उत्सर्जक आहे, शिवाय मूत्रपिंडाला घातक. कुपी क्वार्ट्झची हवी, कारण बोरोसिलिकेट काच ७८५वर १४००च्या आसपास रुंद पार्श्वभूमी देते. पॉवर काही मिलिवॅटपासून सुरू करा. शुद्ध पिवळी पूड ७८५ फारशी शोषत नाही, पण गडद अशुद्धी असेल तर ती तापते, हायड्रेटमधलं पाणी जातं आणि वर्णपट दुसऱ्याच संयुगाचा मिळतो.

असममित ताण रेषा (एक यू-ओ बंध ताणतो तेव्हा दुसरा आखडतो) रामनमध्ये जेमतेम दिसते. ती ९३०-९६०च्या पट्ट्यात इन्फ्रारेडवरच शोधा. त्यासाठी डायमंड एटीआर (हिऱ्याच्या स्फटिकावर नमुना दाबून इन्फ्रारेड मोजण्याची पद्धत) उत्तम. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून दाबलेली) गोळी टाळा: दाबाखाली ब्रोमाइड लिगंडची जागा घेऊ शकतो. एटीआरमध्ये तीव्र पट्टा काही अंकांनी खाली सरकतो, तेव्हा जुन्या ट्रान्समिशन (प्रकाश नमुन्यातून आरपार जाऊन मोजलेल्या) आकड्यांशी ताडण्याआधी करेक्शन लावा.